चंद्रयक्षाचे पारायण

"हातात घेतलेलं पुस्तक अर्धं खाली ठेवायचं न्हाई, सुला. अर्धी पोथी घरात घुटमळत ऱ्हाती."

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली, पण आवाज अजून देवघराच्या डाव्या कोपऱ्यातून येतो, जिथं मी कापराची डबी ठेवते तिथून. त्यांचं बाकीचं मी पुष्कळ ऐकलं नाही. चहात वेलदोडा नको म्हणायच्या, मी घालते. पण हे एक कधी मोडलं नाही, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं असं आमचे हे म्हणतात. यांना कुणाला तरी दोष दिल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही, आणि गेलेल्या माणसाला दिलेला दोष उलटून येत नाही, हा त्यांचा अनुभव आहे.

मुळात गोष्ट एवढीशी होती. मी दर चातुर्मासाला एक नेम धरते. सोमवारी दुपारी बारापर्यंत मौन आणि गुरुवारी एक वेळ जेवण, हे बाराही महिने चालतंच; चातुर्मासाचा नेम त्याच्यावर. गेल्या वर्षी 'कुणाला उलटून बोलायचं नाही' असा नेम होता. तो यांना इतका मानवला की यंदाही तोच धर म्हणून आग्रह सुरू होता. मी ऐकलं नाही. यंदा ठरवलं, रोज एका नव्या ग्रंथाचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, कुणाला तरी ऐकवायचा, आणि मगच जेवायचं.

घरातल्या पोथ्या सगळ्या वाचून झालेल्या. म्हणून एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्या मानवत गावच्या वाचनालयात गेले. तिथं दुपारी दोन ते पाच महिलांची वेळ असते. ती सांभाळायला संघप्रिया नावाची मुलगी आहे. ग्रंथपालाची परीक्षा पास झालेली, तीन वर्षं काम करते आणि अजून कायम नाही. त्या दिवशी ती पुस्तकांच्या आठ गठ्ठ्यांमध्ये बुडून गेली होती. नुसतं कपाळ वर दिसत होतं.

"काकू, बरं झालं आलात," ती म्हणाली. "श्रावणात तपासणी आहे. वाचकांच्या अभिप्रायाची वही कोरी आहे बघा. नव्या पुस्तकांवर बायकांचे अभिप्राय दिसले नाहीत तर महिलांची वेळ बंद करा म्हणणारेत. मग मी पण बंद."

मी म्हटलं, "मी एक पुस्तक पुरं वाचते आणि खरं काय ते लिहून देते. शब्द."

शब्द देताना माणसानं काय काय बघावं हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त गठ्ठा बघितला. वरच पुस्तक होतं, 'चंद्रयक्षाची शपथ : भाग दुसरा'. जाड, एकेचाळीस अध्याय. मुखपृष्ठावर निळं आभाळ, त्यात मुकुट घातलेला एक पुरुष, पाठीला मोठाले पंख, गळ्यात मोत्यांची माळ. अंगावर वस्त्र जरा कमी होतं, पण देवादिकांच्या अंगावर ते कमीच असतं, त्याचं काही नाही. मी पुस्तक कपाळाला लावलं. संघप्रियानं नोंद केली. ती बिचारी तीनशे चाळीस पुस्तकांची नोंद एकटी करत होती. कुठलं काय आहे ते बघायला तिला डोकं वर काढायची फुरसत नव्हती.

आता चूक सांगते. दुसऱ्या दिवशी एकादशी. पाट मांडला, पुस्तकाला गुलाबी कापड गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता ठेवल्या आणि पळीभर पाणी ताम्हनात सोडून संकल्प केला की, या ग्रंथातलं एकही अक्षर न गाळता, रोज एक अध्याय याप्रमाणे मी हा तडीस नेईन. हे सगळं पुस्तक न उघडता. पोथीला कुणी आधी चाळून बघतं का? ती काय साडी आहे?

दुपारी एक वाजता पुस्तक घेऊन समोरच्या धुरपताबाईंच्या ओसरीवर गेले. धुरपताबाई ऐंशीच्या पुढं आहेत, डोळे गेलेले, कान मात्र घारीच्या डोळ्यासारखे. मुलगा पुण्याला असतो, दिवाळीला येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार आहे. तोवर त्यांना काहीतरी ऐकवावं, हाही एक हेतू होता. मी हात जोडले, पहिलं पान उघडलं आणि पोथीच्या चालीवर सुरुवात केली.

पहिल्या परिच्छेदात चंद्रयक्ष सरोवरातून बाहेर आला. दुसऱ्या परिच्छेदात तो अजून बाहेरच येत होता. तिसऱ्यात माझ्या लक्षात आलं की लेखकानं त्याला काही नेसवलेलं नाही, आणि तसा विचारही दिसत नाही. काठावर एलिना नावाची एक मुलगी उभी होती. ती पाठ फिरवेल असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर फिरवली असती. तिनं नाही फिरवली.

मी थांबले. घसा साफ केला. पदर सारखा केला.

"थांबलीस कामून?" धुरपताबाई म्हणाल्या. "राजा पान्यातून भाईर आलाय. गार वाऱ्यात हुबा करून ठिवू नको त्याला. फुडं वाच."

"माय, हे पुस्तक जरा... वेगळंच हाय," मी म्हटलं.

"पंख वले झाले आसतील का गं त्याचे?"

मी वाचलं. दुसरा इलाज नव्हता. पाणी सोडलेलं होतं. पोथीच्या चालीचा एक मोठा गुण मला त्या दिवशी समजला. त्या सुरात काहीही म्हटलं तरी ते पुण्याचंच वाटतं. युद्ध असो, यज्ञ असो, नाही तर आणखी काही असो, आवाज एकाच पट्टीत जातो आणि शेवटी नुसता एक हेल निघतो. रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं ओसरीकडं बघून हात जोडून गेले. माझे कान तापून तव्यासारखे झाले होते.

घरी येऊन यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "परत करून टाक," म्हणाले, "त्यात काय?"

"संकल्प सोडलाय."

"मग जेव." म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण शेवटचं वाक्य त्यांचं असलं की त्यांना बरं वाटतं.

संध्याकाळी शेजारच्या तानुबाईंचा सल्ला घेतला. तानुबाईंकडं सल्ला मागावा लागत नाही, फाटक वाजलं तरी त्या देतात. त्यांनी पुस्तक दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं, मधलंच एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग खाली बसून तिसरं वाचलं.

"अगं बया बया," त्या म्हणाल्या. "लय वंगाळ हाय. तुमी आसं करा, पाच सवाष्णी जेवू घाला आन् सोडून द्या."

"सासूबाई म्हणायच्या अर्धं सोडायचं नाही."

"मंग वाचा, पर एकट्यानं नका वाचू. पाप वाटून घेतलं की हलकं होतं. उद्या मी बसते संगं. किती वंगाळ हाय ते तरी कळू दे."

दुसऱ्या दिवशी तानुबाई आल्या, तिसऱ्या दिवशी त्यांची जाऊ आली, आठवड्याच्या आत ओसरीवर अकरा बायका झाल्या. पाप इतकं वाटलं गेलं की एकेकीच्या वाट्याला काही उरलंच नसेल. रिकाम्या हातानं पोथी ऐकू नये, म्हणून प्रत्येकीनं सरकी काढलेला कापूस आणला. आमच्या गावात कापसाला तोटा नाही. मी वाचत होते आणि त्या वाती वळत होत्या. ज्या दिवशी अध्यायात लढाई असेल त्या दिवशी वाती बारीक आणि सारख्या व्हायच्या. ज्या दिवशी लढाई नसेल त्या दिवशी हात थांबायचे आणि वातींची लांबी बघण्यासारखी व्हायची. तरी पंधरवड्यात सव्वा लाख वाती झाल्या. महादेवाच्या पुजाऱ्यानं विचारलं, यंदा काय विशेष? तानुबाईंनी सांगितलं, "यक्षाचं पारायन चालू हाय."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. हा भाग दुसरा. पहिल्या भागात काय झालं ते कुणालाच माहीत नाही. पुस्तकाचं नाव 'शपथ', आणि दर चार पानांनी कुणी ना कुणी म्हणायचं, "एलिना, तू दिलेली शपथ आठव!" मग एलिनाचे डोळे भरून यायचे, चंद्रयक्ष पंख मिटून भिंतीकडं तोंड करायचा. पण शपथ काय होती? ती पहिल्या भागात घेऊन झालेली. या भागात त्या सगळ्यांना ती पाठच होती, म्हणून कुणी मोठ्यानं बोलायला तयार नाही.

"माहेरी जायाचं न्हाई, अशी आसंल," तानुबाई म्हणाल्या.

"त्याला काय शपथ लागती? ते आसंच न्हाई जाऊ देत," त्यांची जाऊ म्हणाली.

"पैल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, आसं आसंल," धुरपताबाईंचं मत. एलिनाला आधी एक दुसरा यक्ष होता, काळ्या पंखांचा. त्याला तिनं का सोडलं हेही पहिल्या भागात. धुरपताबाईंचा जीव त्या काळ्या पंखवाल्यात अडकला होता. "न्हाई वाईट वाटत त्यो मला," त्या म्हणायच्या. "समदे त्यालाच बोलायलेत. त्याची बाजू कुनी सांगंना."

अकराव्या अध्यायाच्या दिवशी आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष पंडितराव जेवायला घरी चालले होते. ओसरीवर बायका दिसल्या, चाल ऐकू आली. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि उंबऱ्याशी बसले. मला वाचणं थांबवता येईना. मी फक्त आवाज आणखी लांबवला. अध्याय नेमका चांदण्या रात्रीचा होता. पंडितराव डोळे मिटून पंधरा मिनिटं डोलत होते. शेवटी खडीसाखर घेतली आणि म्हणाले, "किती रसाळ वाणी! वहिनी, अशा ग्रंथांमुळंच समाज टिकून आहे." अकरा बायका वाती वळत होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

श्रावण लागून आठवडा उलटला. संघप्रिया वही घेऊन आली. तिला आता सगळं माहीत झालं होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली होती आणि नंतर दोन दिवस जेवायच्या सुट्टीत ओसरीवर येऊन बसली होती. वहीत प्रत्येकीचा अभिप्राय हवा. काहींना लिहायचा कंटाळा, काहींना लाज. म्हणून ठरलं की त्या सांगतील आणि मी लिहीन. मी शब्द दिला होता खरं लिहायचा. आता तो माझ्या खऱ्यापुरता होता की सगळ्यांच्या, हे विचारायला सासूबाई नव्हत्या. मी सगळ्यांचं जसंच्या तसं लिहिलं.

तानुबाईंनी सांगितलं, "तीनशे पानं झाली तरी कुनी सैपाक केला न्हाई. हे लोक खातेत काय? राजवाड्यात एकदा फळं आली, ती बी कुनी धुतली न्हाईत." त्यांच्या जावेनं पुष्कळ वेळ कापूस चिवडला आणि मग म्हणाली, "त्यो तिला इचारल्याबिगर हात लावत न्हाई. चार येळा इचारतो. हे मला आवडलं. लिवा." मग जरा थांबून, "माझं नाव नका लिवू. बरं लिवा." एका मास्तरीणबाईंनी शुद्ध भाषेत सांगितलं की कादंबरीतील प्रसंग अतिरंजित आहेत, सोळावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा अध्याय विशेष आक्षेपार्ह आहेत आणि ते त्यांनी पुन्हा तपासूनही पाहिले आहेत. धुरपताबाई म्हणाल्या, "चुकलं म्हनून एवढा पंखवाला राजा तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. माझ्या ऐंशी वर्साच्या आयुष्यात मी बाप्या मानूस फकस्त बैलाच्या पायातला खडा काढाया तसा बसलेला पाह्यलाय. लिवलंस? आंगठा कुठं करू?"

माझा स्वतःचा अभिप्राय मी लिहिला नाही. ग्रंथ पुरा झाला नव्हता. अर्ध्यावर मत देणं बरोबर नाही, असं मी संघप्रियाला सांगितलं. खरं कारण निराळं होतं. गावात मला 'नेमाच्या काकू' म्हणतात. हे तर चावडीवर सांगून बसले होते की हिचं एक दुर्मिळ पुराण चालू आहे. आता त्या वहीत, त्या पुस्तकाखाली, माझ्या अक्षरात माझं नाव. हात उचलेना.

तपासणी सोमवारी. रविवारी पंडितरावांनी वही पहिल्यांदा उघडली आणि तशीच काखेत मारून आमच्याकडं आले. मागं संघप्रिया, चेहरा उतरलेला.

"वहिनी, हे काय आहे?" त्यांनी वही माझ्यापुढं धरली. "ही सरकारी वही आहे का भोंडला? 'चार वेळा विचारतो'! उद्या साहेब वाचतील!"

"पानं फाडून टाका," हे म्हणाले.

"पानांवर क्रमांक आहेत, प्रत्येकावर शिक्का आहे! एक पान कमी झालं तर सभा घेऊन ठराव करावा लागतो." पंडितरावांनी खिशातून दोन कागद काढले. "दोनच मार्ग आहेत. एक तर तुम्ही ज्येष्ठ वाचक म्हणून शेवटी लिहा, की सदर पुस्तक बोधप्रद व संस्कारक्षम असून वरील अभिप्राय अज्ञानातून आले आहेत. नाही तर ह्या कागदावर सही करा, की हे पुस्तक ग्रंथपालबाईंनी न तपासता तुमच्या गळ्यात मारलं. म्हणजे जिम्मेदारी तिची. आम्ही उद्याच तिला मोकळी करतो, विषय संपला."

संघप्रिया दारातच उभी होती. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही खोटं लिहू नका. मी बघून घेईन." तीन वर्षं ज्या मुलीनं पंखा नसलेल्या खोलीत आमच्यासाठी पुस्तकं लावली, ती बघून घेणार म्हणजे काय बघणार होती, ते मला दिसत होतं.

मला मोठ्यानं बोलता येत नाही, लहानपणापासून. मी इतकंच म्हटलं, "तुझं काम जाणार नाही, संघप्रिया. शब्द देते." सव्वा महिन्यात दुसरा शब्द. पंडितराव म्हणाले, "मग उद्या अकरा वाजता या." आणि ते गेल्यावर मला आठवलं की उद्या श्रावणी सोमवार. बारापर्यंत मौन.

"मोड की एक दिवस," हे म्हणाले. "एका मुलीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. देव काय तास मोजत बसलाय?" मी रात्रभर विचार केला. मौन मोडलं असतं, अगदी मोडलं असतं. पण सकाळी लक्षात आलं की बोलून मी आजवर कधीच काही जिंकलेलं नाही. मी पेन पदरात बांधलं.

निरीक्षक साहेब किरकोळ अंगाचे, चष्म्याला दोरी बांधलेले. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं आणि पहिल्यांदा वहीच मागितली. मी, तानुबाई आणि आणखी सहाजणी महिला कक्षात रांगेनं बसलो होतो. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. एक पान. दुसरं. चष्मा पुसला. पुन्हा पहिलं पान. वीस मिनिटं खोलीत फक्त पानांचा आवाज. पंडितरावांच्या कपाळावरून घाम शर्टाच्या खिशात उतरत होता.

"साहेब," त्यांना राहवेना, "त्याचं असं झालं, आमच्या ग्रंथपालबाईंकडून अनवधानानं एक अनुचित पुस्तक भाविक महिलांच्या हाती गेलं. समितीला बिलकुल कल्पना नव्हती. आम्ही कारवाई करतोच आहोत."

"कल्पना कशी नव्हती?" तानुबाई म्हणाल्या. "तुमी हात जोडून बसला व्हता की. चांदन्या रातीच्या अध्यायाला. खडीसाखर बी घेतली. 'किती रसाळ' कोन म्हनलं?"

पंडितराव पाण्याचा ग्लास शोधू लागले. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, पण वहीच्या मागं त्यांचे खांदे जरासे हलले.

"पुस्तक कुणी दिलं?" साहेबांनी विचारलं. "या ताईंनी?"

संघप्रिया उठून उभी राहिली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घड्याळात अकरा चाळीस. मी ओठांवर बोट ठेवलं, तानुबाईंनी "मौन हाय त्यांचं" असा खुलासा केला, आणि मी वही ओढून घेतली. पदराच्या गाठीतून पेन सोडलं.

मी लिहिलं : 'हे पुस्तक मी स्वतः गठ्ठ्यातून निवडले. चित्र पाहून पोथी समजले व न उघडता संकल्प सोडला. ही चूक माझी आहे, ग्रंथपालांची नाही. पुस्तकात नको ते पुष्कळ आहे आणि ते लेखकाने फार सावकाश लिहिले आहे. तथापि आज तेहतीस दिवस झाले, एकदा येऊ लागलेल्या एकाही बाईने एकही अध्याय चुकवला नाही. आमच्या गल्लीत हे कोणत्याही ग्रंथाबाबत पूर्वी घडलेले नाही. मी तीस वर्षे वाचत असलेल्या पोथ्यांबाबतही नाही. या बायका आपल्या मनातले बोलल्या व मी ते लिहिले. आठ अध्याय शिल्लक आहेत. शेवट कळल्याशिवाय पुस्तक चांगले की वाईट हे सांगणे योग्य होणार नाही. सौ. सुलाबाई चंद्रभान, स्वहस्ते.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग तपासणीच्या नोंदीत लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं उच्चारत गेले. "महिला वाचकांचा सहभाग उल्लेखनीय. अभिप्राय... सविस्तर. महिलांची वेळ चालू ठेवावी." पंडितरावांनी रुमाल काढला. "मात्र," साहेब म्हणाले, आणि रुमाल कपाळापाशीच थांबला, "मात्र सदर पुस्तकाचा भाग दुसरा उपलब्ध असून भाग पहिला आढळून आला नाही. संच अपूर्ण. ही महिला कक्षाच्या ग्रंथपालांची त्रुटी समजण्यात येईल. पंधरा दिवसांत पूर्तता करावी."

पेन बंद करताना त्यांनी हळूच विचारलं, "ती शपथ काय होती, कुणालाच कळलं नाही?"

आम्ही आठजणींनी माना हलवल्या.

बाराचा भोंगा झाला, माझं मौन सुटलं. पण तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पंडितरावच बोलत होते. पहिला भाग घ्यायचा तर मासिक सभेत ठराव, मग तीन दुकानांची दरपत्रकं, मग मंजुरी. "दसऱ्याच्या आत काही होत नाही," ते म्हणाले, आणि मला वाटलं, त्यांना त्यात थोडं सुखही होतं. पंधरा दिवस गेले की त्रुटी संघप्रियाच्या नावावर चढणार, ती चढणारच.

"भेट आलेल्या पुस्तकाला ठराव लागत नाही," संघप्रिया खालच्या आवाजात म्हणाली. "फक्त पहिल्या पानावर देणाऱ्याचं नाव लिहून शिक्का मारायचा." मग तिनं जीभ चावली. कारण तिला आणि मला दोघींना ते पान दिसलं. वर पंखवाला, आणि खाली, पन्नास वर्षं कुणीही वाचावं असं, 'सौ. सुलाबाई यांजकडून सप्रेम भेट'.

"मी आणते," मी म्हटलं. तिसरा शब्द. आता मला सवयच लागली होती.

पण हातातलं पुरं केल्याशिवाय नवं आणायचं नाही. आठ दिवस रोज एक अध्याय वाचला. पुढच्या सोमवारी एकेचाळिसावा झाला. शेवटी चंद्रयक्ष एलिनाला घेऊन उंच आभाळात गेला, आणि म्हणाला, "शपथ पुरी झाली." काय पुरं झालं? तानुबाईंनी हातातली वात जोरात ओढून तोडली. ओसरी रिकामी झाल्यावर धुरपताबाईंनी माझं मनगट धरलं.

"सुला, त्यो काळ्या पंखाचा कुठं गेला ते ह्यात आलंच न्हाई. दिवाळीला ल्योक येनार न्यायाला. तिथं मला असलं कोन वाचून दावंल? त्याच्या आदी कळू दे माय."

"कळेल," मी म्हटलं.

मंगळवारी पहाटे पूजा उरकली. यांचा डबा झाकून ठेवला. पिशवीत पाण्याची बाटली, गुलाबी कापड आणि हळदकुंकवाची डबी घेतली. दाराची कडी हळूच काढत होते, तर हे पांघरुणातूनच म्हणाले, "कुठं?"

"परभणीला. पुस्तकाच्या दुकानात."

त्यांनी कूस बदलली. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "आधी खात्री करून घे त्यात तो काळा पंखवाला आहे का. नाही तर हे लोक अर्धवटच छापतात." मला कळेना, यांना तो कसा माहीत. यांची आरामखुर्ची गेले दीड महिना धुरपताबाईंच्या ओसरीकडच्या खिडकीत का सरकली होती, ते मात्र तेव्हा कळलं.

एसटी स्टँडवर परभणीची गाडी लागली होती. खिडकीपाशी बसले. तानुबाईंची जाऊ दळण घेऊन पलीकडून चालली होती. तिनं मला बघितलं, पिशवी बघितली, आणि काही न विचारता दोन्ही हात जोडले. कंडक्टरनं घंटा दिली.

या वेळी पुस्तक आधी उघडून बघायचं, चार पानं चाळायची आणि मगच काय तो संकल्प करायचा, असं हे, पंडितराव आणि मास्तरीणबाई तिघांनीही मला निरनिराळ्या वेळी सांगितलं होतं. तिघांचंही म्हणणं बरोबर होतं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि पिशवी मांडीवर नीट धरली. पळीभर पाणी मी घरूनच सोडून निघाले होते.